रातथाऱ्याची वेळ

सूर्य कलला की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तित्तिरांची हाकाटी वाढते. मग थवा एखाद्या ठेंगण्या, काटेरी बाभळीत शिरतो, रातथारा तिथेच. मोर उंच झाड निवडतो. माळढोक जमिनीवरच रात्र काढतो.

दिवसभर रानात पांगलेला पक्षी संध्याकाळी ठरावीक जागी परततो, हे शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाठलाग नको, वाट पाहिली की पुरे. अमेरिकेतली रानटी टर्कीही झाडावर निजते आणि अशीच सापडते. तिथल्या काही राज्यांत मात्र वसंतातली टर्कीची शिकार दुपारीच थांबवावी लागते. परवाना खिशात असला तरी!

सोलापुरात वेळेचा प्रश्नच उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तित्तिर, मोर, माळढोक यांची शिकारच बेकायदा ठरते. मोर आणि माळढोक पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारल्यास किमान ३ वर्षांची कैद.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, पण तेवढ्याने भागत नाही. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे एक पक्षी गेला तरी ती तूट लवकर भरत नाही. शिवाय माळ नांगरले गेले, उडताना आडव्या येणाऱ्या विजेच्या तारा आल्या.