चोर पुढे, पोलीस मागे: पायी पाठलागात जीव नेमका कुठे जातो?

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन काढता येत नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे' काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली भरपूर ऐकतात. त्यातल्या एकाने विचारलं, "दादा, ग्राउंडला १६०० मीटर पळवतात, ते खरंच चोर पकडायला कामी येतं का?"

येतं की. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटरला २०, मग १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. म्हणजे पन्नासातले पस्तीस गुण पायांवर आहेत. पण गंमत बघा, अमेरिकेत पोलिसांच्या पायी पाठलागासाठी जे नियम लिहिले गेलेत ते काढून वाचले, तर त्यात वेगाबद्दल जवळपास काहीच सापडत नाही. पानंच्या पानं आहेत ती कधी पळू नये आणि पळत असाल तर कधी थांबावं याबद्दल. हे असं का, ते कळायला शिकागोला जावं लागेल.

तारीख १७ डिसेंबर २०१८, संध्याकाळची वेळ. शिकागोच्या दक्षिण भागात गोळीबार झाल्याची वर्दी आली. कॉनरॅड गॅरी आणि एदुआर्दो मार्मोलेहो हे दोन पोलीस तिथे पोचले. संशयित रेल्वेच्या रुळांकडे गेला, हे दोघं त्याच्या मागे बांधावर चढले. त्याच वेळी एका बाजूने ट्रेन चालली होती, तिचा आवाज कानात होता. दुसऱ्या रुळावरून उलट दिशेने आणखी एक ट्रेन येत होती. ऐकू येणारा सगळा आवाज पहिल्या ट्रेनचाच आहे असं त्यांना वाटलं असावं, असं अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या ट्रेनने दोघांनाही उडवलं. दोघंही लहान मुलींचे बाप होते. संशयित सापडला, बंदूकही सापडली. म्हणजे ज्या कामासाठी ते धावले ते काम झालं, पण हे दोघं परत आले नाहीत.

मुंबईकरांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. स्लो ट्रॅकवर गाडी धडधडत असताना फास्टची गाडी कधी अंगावर आली ते कळत नाही, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्या दोघांनाही रूळ म्हणजे काय हे कळत होतंच. मग कळत असूनही लक्षात का येत नाही? इथे शरीराचं गणित सुरू होतं.

माणूस जीव तोडून पळायला लागला की पहिली आठ-दहा सेकंदं स्नायूंमध्ये साठवलेल्या इंधनावर निघतात. त्यानंतर पाय जड होऊ लागतात आणि मिनिटाच्या आत वेग पडतो. त्यात अमेरिकन पोलिसाच्या अंगावर जॅकेट, बंदूक, वायरलेस, बेड्या असं मिळून दहा किलोच्या आसपास ओझं असतं, आणि पुढचा गडी टी-शर्टवर! ('ब्लॅक फ्रायडे'मधला झोपडपट्टीतला पाठलाग आठवतोय? पोलीस आणि पळणारा, दोघंही धापा टाकतात. हिंदी सिनेमातला इतका खरा पाठलाग मी दुसरा पाहिलेला नाही.)

पण दमणं हा त्यातल्या त्यात छोटा प्रश्न. मोठा प्रश्न डोळे-कान-हातांचा. ताण आणि धावपळ एकत्र आली की नजर बोगद्यासारखी होते. पुढची पाठ दिसते, बाजूचं दिसत नाही. कान निवडक होतात. पार्टनर मागून ओरडतोय, ट्रेनचा भोंगा वाजतोय, तरी मेंदू ते बाजूला टाकतो. बोटं थरथरतात, म्हणून बेडी लावणं, वायरलेसचं बटण नीट दाबणं अशी बारीक कामं अवघड होतात. आणि धापा टाकत वायरलेसवर बोललेलं कंट्रोलला कळत नाही. मदत पाठवायची तर कुठे पाठवणार? म्हणजे जितकं जास्त पळाल तितका तुमचा ताबा कमी, आणि बरोबर त्याच क्षणी तुम्ही आरोपीपर्यंत पोचणार. तो कदाचित थांबलेलाच असेल, कोपऱ्यामागे उभा, श्वास सावरून, हातात काहीतरी घेऊन.

म्हणून प्रशिक्षणात जे शिकवतात ते सिनेमाच्या उलट असतं. भिंतीच्या कोपऱ्याला घासून वळायचं नाही, लांबून गोल घेत वळायचं, म्हणजे पलीकडचं थोडं थोडं दिसत जातं. तो ज्या ठिकाणाहून कुंपण ओलांडला तिथूनच आपण ओलांडायचं नाही. पार्टनर नजरेआड झाला तर थांबायचं. आणि धावताना हातात बंदूक काढून ठेवायची नाही. याचं कारण फार कमी लोकांना माहीत असतं: एका हाताने कुणाला घट्ट धरलं की दुसरी मूठही आपोआप आवळली जाते. त्या मुठीत पिस्तूल असेल, बोट घोड्यावर असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

लास व्हेगासच्या पोलिसांनी यावर एक साधा नियम काढला, तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. शक्य असेल तिथे, जो पोलीस पाठलाग करून आला त्याने आरोपीला पहिला हात लावायचा नाही. मागून आलेल्या, श्वास शांत असलेल्या सहकाऱ्याने लावायचा. पळून आलेल्या माणसाच्या डोक्यात राग असतो, रक्त उसळलेलं असतं. मार तिथेच जास्त पडतो, आणि झटापटीत पोलिसालाही लागतं.

आता परत शिकागो. जानेवारी २०१७ मध्येच अमेरिकेच्या न्याय खात्याने या पोलीस दलावर मोठा अहवाल दिला होता आणि पायी पाठलागासाठी नियम करा असं त्यात सांगितलं होतं. तरी नियम आले नाहीत. मग मार्च २०२१ च्या शेवटच्या तीन दिवसांत दोन पाठलाग झाले. २९ तारखेला पहाटे, गोळीबाराच्या वर्दीनंतर, एका गल्लीत एक पोलीस १३ वर्षांच्या ॲडम टोलेडोच्या मागे धावला. मुलाच्या हातात बंदूक होती. ती त्याने कुंपणामागे टाकली, वळला, हात वर केले, आणि एका सेकंदाच्या आत गोळी सुटली. हे सगळं बॉडीकॅमवर आहे. बंदूक पडलेली पोलिसाला दिसली की नाही यावर खूप वाद झाला, पोलिसावर गुन्हा दाखल झाला नाही. दोन दिवसांनी २२ वर्षांचा अँथनी अल्व्हारेझ पाठलागात मारला गेला. त्याच्याही हातात बंदूक होती, पण मूळ विषय वाहतुकीच्या नियमभंगाचा होता.

हे ऐकून कुणी म्हणेल, विषय पोलिसांच्या सुरक्षेचा होता, हे कुठे आलं? मला हे वेगळे विषय वाटत नाहीत. अंधार, दमलेलं शरीर, एकटा पोलीस, निर्णयाला अर्धा सेकंद. हीच परिस्थिती एकदा पोलिसाचा जीव घेते, एकदा समोरच्याचा. आणि गोळी झाडणाऱ्याचंही पुढचं आयुष्य सोपं नसतं.

शेवटी जून २०२१ मध्ये शिकागोत तात्पुरते नियम आले, वर्षभराने कायमचे. कुणी नुसतं पळालं म्हणून मागे धावायचं नाही. किरकोळ गुन्ह्यासाठी धावायचं नाही. आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं, वायरलेस बंद पडला, कुणी जखमी दिसला, तर थांबायचं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम: पाठलाग न करण्याचा किंवा सोडून देण्याचा निर्णय घेतला म्हणून पोलिसावर कारवाई होणार नाही.

हे कलम महत्त्वाचं का? कारण धावणारा पोलीस थांबत नाही तो बऱ्याचदा लाजेपोटी. "आरोपी हातातून सुटला" हे शब्द कुठल्याही पोलीस ठाण्यात ऐकायला बरे वाटत नाहीत. साहेब काय म्हणतील, बॅचवाले काय म्हणतील! वरून लेखी मुभा असेल तरच शिपाई थांबू शकतो.

शिकागोतल्या पोलीस संघटनेने नियमांवर टीका केली. पोलीस धावत नाहीत हे कळलं की गुन्हेगार बिनधास्त पळणार, असं आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावणार नाही. पण थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे. तो कुठे शिरला ते पाहायचं, कंट्रोलला दिशा आणि वर्णन द्यायचं, चारही बाजूंनी रस्ते अडवायचे आणि माणसं आली की शोधायचं. अडकलेला माणूस कुठे जाणार?

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं. शिपायाच्या हातात बहुतेक वेळा काठीच असते. समोर बंदुकीपेक्षा चाकू किंवा कोयता निघण्याची शक्यता जास्त. शिवाय उघडी गटारं, पत्र्याची छपरं, अर्धवट बांधलेल्या इमारती, जमणारी गर्दी, आणि मुंबईत तर रूळ. कायद्याचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४५ पोलिसाला आरोपीच्या मागे देशात कुठेही जाऊ देतं. कलम ४३ अटकेला विरोध झाला तर बळ वापरू देतं, पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही त्यात जीव घेण्याचा अधिकार देत नाही. कुठवर जायचं आणि किती बळ वापरायचं हे या कलमांत आहे. दमलेल्या शिपायाने रुळांजवळ काय करावं हे त्यात नाही. ते प्रशिक्षणात आणि वरिष्ठांच्या वागण्यातूनच यावं लागतं.

म्हणून भरतीवाल्या दोस्तांना माझं सांगणं: १६०० मीटर माराच, पण आठवड्यातून एकदा दमछाक झाल्या-झाल्या मोठ्याने तीन गोष्टी बोलून बघा. मी कुठे आहे, तो कुठल्या दिशेने गेला, त्याने काय घातलंय. समोरच्या मित्राला ते स्पष्ट कळलं पाहिजे. सुरुवातीला नाही जमत, हसू येतं.

आणि बाकीच्यांसाठी. दारात उभं असताना फटका गँगने मोबाइल उडवला, तर चालत्या गाडीतून उडी मारू नका, रुळांवरून धावू नका. पोलीस कुणाच्या मागे धावताना दिसले तर तुम्हीही धावत सुटू नका, गर्दीत कोण कोण आहे हे त्यांना कळत नाही. बाजूला व्हा, दिशा दाखवा, ११२ ला फोन करा. चोरीची तक्रार नोंदवली की संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून हँडसेट ब्लॉक करता येतो. कुणी त्यात दुसरं सिम टाकलं तर माग काढायला मदत होते. तो नंबर बघायचा असेल तर आत्ताच *#०६# डायल करा आणि कागदावर लिहून ठेवा. मोबाइलमध्येच सेव्ह करू नका, काय?

प्रश्न असतील तर पाठवा. पुढच्या भागात भेटूच.