दोन आरशांमधले अंतर

१५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या पीएसएलव्ही-सी३७ ने एका खेपेत १०४ उपग्रह कक्षेत सोडले. त्यांतले ८८ होते अमेरिकेतल्या प्लॅनेट कंपनीचे ‘डव्ह’. साधारण १० सेंमी रुंद, तेवढेच उंच, ३० सेंमी लांब. वजन पाच किलोच्या आत आणि पोटात पृथ्वीची छायाचित्रे घेणारी दुर्बीण! एवढ्या जागेत दुर्बीण मावते कशी, हे समजून घ्यायला मी पोफळीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच मापाची एक करायला घेतली.

आधी गणित. ५०० किमी उंचीवरून जमिनीवरच्या चार मीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या दिसायच्या, तर सुमारे ९ सेंमी व्यासाचा आरसा लागतो. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीने घातलेली आहे, महागडा कॅमेरा लावून ती हटत नाही. सेन्सरवरच्या साडेपाच मायक्रॉनच्या ठिपक्यात जमिनीचे तीन मीटर यायचे, तर नाभीय अंतर ९० सेंमी हवे. खोका मात्र ३० सेंमीचा, आणि त्यातच बॅटरी, रेडिओ, संगणकही बसवायचे.

यावरचा तोडगा सतराव्या शतकातला आहे : कॅसेग्रेन रचना. १८ सेंमी नाभीय अंतराच्या अंतर्वक्र आरशावरून परतणारा प्रकाश समोरचा छोटा बहिर्वक्र आरसा अडवतो आणि मोठ्या आरशाच्या मध्यावरच्या भोकातून मागे धाडतो. छोटा आरसा प्रतिमा पाचपट मोठी करतो, म्हणून १८ चे ९० होतात. दोन आरशांमधले अंतर मात्र जेमतेम साडेचौदा सेंमी.

मी आरसे काचेचे घासले, नळी ॲल्युमिनियमची घेतली. दुपारी समोरच्या डोंगरावरच्या विजेच्या मनोऱ्याच्या चकत्या स्वच्छ दिसत. डिसेंबरातल्या पहाटे त्याच चकत्या पिठाळ. दोष आरशाचा, असे धरून मी छोटा आरसा दोनदा पुन्हा घासला. एक हिवाळा त्यात गेला. चूक कागदावरच सापडली असती.

ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागे २३ मायक्रॉन आकसते. दहा अंश उतरले की साडेचौदा सेंमीची नळी ३३ मायक्रॉनने आखूड होते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण छोटा आरसा प्रतिमा पाचपट करतो, तेव्हा अक्षाच्या दिशेने सरकणे पाचाच्या वर्गाने, म्हणजे पंचवीसपट वाढते. त्यात आरशाचे स्वतःचे सरकणे धरले की सव्वीसपट. नाभी ०.८६ मिमी ढळते, आणि या दुर्बिणीला चालते फक्त ०.११ मिमी. लांबी वाचवायला पाचाऐवजी दहापट वाढ घेतली, तर हाच गुणक १०१ होतो. दुर्बीण लहान करण्याची खरी किंमत इथे मोजावी लागते, काच घासण्यात नव्हे.

पुण्याच्या आयुकाने आदित्य-एल१ साठी केलेली ‘सूट’ दुर्बीणही दोन आरशांचीच. पण तो उपग्रह दीड टनाच्या घरातला, आणि एल१ बिंदूभोवती सूर्य कायम एकाच बाजूला. पृथ्वीची सावली येत नाही. डव्ह मात्र दीड तासात प्रदक्षिणा घालतो. म्हणजे माझी दुपार आणि पहाट त्याला दिवसातून पंधरा वेळा भोगावी लागते.

उपाय दोन. आरसे, नळी, सेन्सरची बैठक, सगळेच ॲल्युमिनियमचे करायचे. मग सारे एकाच प्रमाणात आकसते आणि नाभी जागेवर राहते. पण एका अंगाला ऊन आणि दुसऱ्याला काळोख असला की हे प्रमाण मोडते. दुसरा उपाय इन्व्हारचा. निकेल-लोखंडाचा हा मिश्रधातू शोधणाऱ्या गियोम यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल मिळाले. तो ॲल्युमिनियमच्या विसाव्या हिश्श्याने आकसतो, पण वजन तिप्पट, आणि उपग्रहात ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब असतो. म्हणून हलका कार्बन फायबर पुष्कळांना आवडतो.

मीही ड्रोनसाठी मिळणाऱ्या कार्बन फायबरच्या तीन नळ्यांवर छोटा आरसा बसवला. गेल्या डिसेंबरात पहाटे मनोऱ्याच्या चकत्या मोजता आल्या. दोनदा घासलेला आरसा तोच आहे.