दूरचा नेम

'नेमबाज' हा शब्द जरा नीट पाहा. त्यातला 'नेम' तुम्ही मराठीत शिकलात. 'बाज' मात्र तुमच्या घरातलाच आहे. पतंग उडवण्यात तरबेज तो पतंगबाज. तसा नेम धरण्यात तरबेज तो नेमबाज. उर्दूत आपण त्याला निशानेबाज म्हणतो.

तोफा-बंदुका आपल्या अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, नव्या नाहीत. 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ इ.स. १५४९ मध्ये इथेच ओतली गेली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. नगरजवळच्या के. के. रेंजवर सैन्याचे रणगाडे सराव करतात. पण या पाठात आपण लढाईची नव्हे, खेळाची माहिती घेणार आहोत. या खेळात शत्रू नसतो. समोर असते फक्त लक्ष्य, आणि त्यावरची वर्तुळे. गोळी मधल्या वर्तुळाच्या जितकी जवळ, तितके गुण अधिक.

जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. तिची गोळी शंभर पावलांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसे. पुढे नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडू लागले. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. फिरता भोवरा जसा तोल सांभाळतो, तशी ही गोळीही आपली दिशा सांभाळते. अशी खाचांची नळी असलेली बंदूक म्हणजेच रायफल. रायफल सुधारत गेली, तसे लक्ष्यही दूर जाऊ लागले.

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळ विंबल्डन येथे नेमबाजीची मोठी स्पर्धा सुरू झाली. पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली. रायफल एका घोडीवर पक्की बसवली होती. राणीने फक्त दोरी ओढली. लक्ष्य ४०० यार्डांवर होते, आणि गोळी मध्यबिंदूपासून सुमारे तीन सेंटीमीटरवर लागली! ही स्पर्धा १८९० मध्ये बिस्ली या ठिकाणी गेली. तिथे आजही १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर नेम धरतात. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही १००० यार्डांची एक स्पर्धा होती.

एवढ्या अंतरावर नेमके काय अवघड असते? पहिली अडचण पृथ्वीच्या ओढीची. गोळी नळीतून सुटताच खाली येऊ लागते. १००० यार्ड जायला तिला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ती जवळजवळ दहा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी खाली येते. म्हणून नळीचे तोंड तेवढ्या हिशोबाने वर ठेवावे लागते. हा हिशोब गणिताने आधीच करता येतो.

दुसरी अडचण वाऱ्याची. ताशी १६ किलोमीटर वेगाचा वारा आडवा वाहत असेल, तर १००० यार्डांवर गोळी दोन मीटरांहून अधिक बाजूला सरकते. बिस्लीच्या लक्ष्यावरचे सर्वाधिक गुणांचे मधले वर्तुळ तर सुमारे साठ सेंटीमीटरचे! शिवाय वारा क्षणाक्षणाला बदलतो. त्याचे गणित आधी मांडून ठेवता येत नाही. मग नेमबाज काय करतो? तो मैदानावरची निशाणे कशी फडकतात ते पाहतो. गवत कोणत्या बाजूला झुकते ते पाहतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना तुम्ही पाहिली असेल. त्यालाच मराठीत मृगजळ आणि उर्दूत सराब म्हणतात. नेमबाज दुर्बिणीतून ती थरथर पाहतो आणि वारा कुठून कुठे वाहतो हे ओळखतो. मग श्वास रोखून, हळूच घोडा दाबतो. अंतर वाढले की बंदुकीपेक्षा माणसाच्या धीराची परीक्षा अधिक होते.

एवढ्या लांब पल्ल्याला मोठी मोकळी जागा लागते आणि लक्ष्यामागे गोळी अडवणारी टेकडी किंवा मातीचा उंच बांध लागतो. ऑलिम्पिकमध्ये ३०० मीटर रायफलची स्पर्धा १९७२ मध्ये शेवटची झाली. आता तिथे रायफलसाठी १० आणि ५० मीटर ही अंतरे आहेत. पण लांब पल्ल्याची आवड संपली नाही. कॅनडाच्या जॉर्ज फार्क्हर्सन यांनी एक नवा प्रकार सुरू केला. त्यात रायफल आधारावर ठेवता येते आणि तिला दुर्बीण लावता येते. वय वाढून नजर व हात साथ देईनासे झालेल्या नेमबाजांची त्यामुळे सोय झाली. त्यांच्या आडनावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षरावरून त्याला 'एफ क्लास' म्हणतात. हा प्रकार पुढे अनेक देशांत पसरला.

आपल्या देशात राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते ग. वा. मावळंकर. हेच पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. महाराष्ट्राने या खेळात मोठे नाव कमावले. मुंबईच्या अंजली भागवत यांना एन.सी.सी.मुळे नेमबाजीची गोडी लागली. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या. ५० मीटरवर मधले वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, आणि मैदान उघडे असेल तर तिथेही वाऱ्याशी गाठ पडते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी या खेड्यातील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. यात त्यांना गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत नेम धरायचा होता. १९५२ मध्ये कुस्तीगीर खाशाबा जाधव यांनी पदक मिळवले होते. त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले.

मित्रांनो, हा खेळ महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगली रायफल परदेशातून आणावी लागते. सरावात झाडलेल्या प्रत्येक गोळीला पैसे पडतात. स्वप्नील यांचे वडील शिक्षक. मुलाच्या सरावासाठी त्यांना कर्ज काढावे लागले. मग साध्या घरातल्या मुलामुलींनी काय करावे? स्वप्नील यांना वाट सापडली ती शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. पुढे रेल्वेच्या नोकरीने हात दिला. अंजलीताईंना ती एन.सी.सी.मध्ये सापडली. असे दरवाजे सर्वांसाठी असतात, पण ते आहेत हे माहीत असणाऱ्यालाच उघडता येतात. तुमच्या शाळेत किंवा पुढे महाविद्यालयात एन.सी.सी. असेल, तर नाव नोंदवायला मागे राहू नका. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मैदानावर रायफल हाती मिळते. मुलींनी तर मुळीच संकोच करू नये. इथे दंडातली ताकद नव्हे, मनाची स्थिरता जिंकते.

शेवटी पुन्हा आपल्या शब्दाकडे येऊ. मराठीत 'नेम' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : रोजचा न चुकणारा नियम. रोज ठरल्या वेळी केलेले काम 'नेमाने' केले, असे आपण म्हणतो. नेमबाजाला हे दोन्ही अर्थ ठाऊक असतात. नेमाने सराव केल्याशिवाय नेम लागत नाही.