रोटरी इंजिनातील प्रज्वलन-तारजोडणी व दोषशोधन : एक विवेचन

प्रस्तावना

अंतर्ज्वलन इंजिन म्हटले की दट्ट्या, त्याची वर-खाली गती आणि क्रँकशाफ्ट ही त्रयी डोळ्यांसमोर येते. जर्मन तंत्रज्ञ फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये प्रथम चाललेल्या रोटरी इंजिनाने दट्ट्याच वगळला. लंबवर्तुळासारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर शोषण, दाब, ज्वलन व निष्कासन या क्रिया घडतात. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून २०१२ मध्ये उत्पादन थांबलेल्या आरएक्स-८ पर्यंत या इंजिनाचा पाठपुरावा केला.

भारतीय बाजारपेठेत रोटरी मोटार रुळली नाही. तथापि महाराष्ट्राचा या इंजिनाशी संबंध आहे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेने 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीच्या वांकेल इंजिनाच्या निर्मितीत भाग घेतला. इंजिनाचा गाभा बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने सिद्ध केला; प्रज्वलन व इंधन यंत्रणा अहमदनगरने. सुमारे ३० किलो वजनाच्या या इंजिनावर निशांतने २००९ मध्ये कोलार येथे उड्डाण केले. इंजिनाच्या गाभ्याइतकेच महत्त्व प्रज्वलनाला का द्यावे लागते, याचे उत्तर सुरू न होणाऱ्या रोटरी मोटारीच्या उदाहरणातून चांगले मिळते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

दोन ठिणग्यांची आवश्यकता

रोटरी इंजिनाची ज्वलनपोकळी लांबट व चपटी असते आणि रोटरबरोबर पुढे सरकत राहते. एका ठिणगीने पेटलेली ज्योत तिच्या दोन्ही टोकांपर्यंत वेळेत पोहोचत नाही. म्हणून माझदाच्या इंजिनांत प्रत्येक रोटरसाठी दोन स्पार्क प्लग असतात. खालचा 'लीडिंग' प्लग मुख्य ज्वलन घडवितो. वरचा 'ट्रेलिंग' प्लग बहुधा काही अंश उशिराने ठिणगी देऊन उरलेले मिश्रण जाळतो. (१९९१ ची ल मां शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मध्ये तर प्रत्येक रोटरला तीन प्लग होते.) ट्रेलिंग ठिणगी बंद पडली तरी गाडी थोड्या कमी जोमाने चालते. लीडिंग बंद पडली तर सुरू होणेच कठीण. दुरुस्तीनंतर या दोहोंच्या तारा अदलाबदल झाल्यास धडधाकट इंजिनही सुरू होण्यास नकार देते. नवी तार बसविण्यापूर्वी जुन्या तारेवर खूण न करणे हे त्याचे नेहमीचे कारण होय.

दुर्बळ ठिणगी आणि फसवे निदान

रोटरच्या तीन टोकांवरील सील पोकळीच्या भिंतीवर घासत फिरतात आणि तेलाच्या पातळ थराच्या साहाय्याने दाब रोखून धरतात. ठिणगी दुर्बळ असल्यास आत आलेले पेट्रोल जळत नाही. ते हा तेलाचा थर धुऊन काढते. थर गेला की दाब घटतो, आणि दाब घटला की पुढील प्रयत्नात मिश्रण पेटण्याची शक्यता आणखी कमी होते. चालक स्टार्टर जितका अधिक फिरवितो तितकी स्थिती बिघडते. अशा वेळी दाब मोजल्यास तो कमी भरतो व 'सील झिजले, इंजिन गेले' असा निर्णय दिला जातो. वस्तुतः घटलेला दाब हा येथे परिणाम असतो, कारण नव्हे. एका गंजलेल्या जोडणीपायी संपूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च मालकाच्या माथी बसू शकतो. यास्तव दाबाची चाचणी पोकळी कोरडी करून, थोडे तेल सोडल्यानंतर पुन्हा घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. त्यासाठी प्लग काढून स्टार्टर फिरविताना इंधनपंप व प्रज्वलन दोन्ही आधी खंडित करणे अत्यावश्यक आहे; प्लगच्या छिद्रांतून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते.

जोडणीतील रोध

कॉइल हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे व्यावहारिक रूप आहे. प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला की द्वितीयक वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. साठलेली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब १० व्होल्टपर्यंत उतरला आणि प्राथमिक वेटोळ्याचा रोध १ ओहम धरला, तर प्रवाह १० अँपिअरपर्यंत चढू शकतो. अर्थिंगच्या गंजलेल्या जोडणीने अर्ध्या ओहमची भर घातल्यास तोच प्रवाह ६.७ अँपिअरवर थांबतो आणि ऊर्जा ४४ टक्के उरते. प्रत्यक्ष कॉइलचे आकडे निराळे असतील. प्रमाण मात्र असेच बिघडते.

येथे मल्टिमीटर हमखास फसवितो. इंजिन बंद असता त्याच तारेवर मोजल्यास पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटरमधून जाणारा प्रवाह नगण्य असतो व अर्ध्या ओहमवर काहीच दाब खर्ची पडत नाही. प्रवाह वाहू लागताच मात्र वरील उदाहरणातील त्या जोडणीवर ३.३ व्होल्ट खर्च होतात. म्हणून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे कॉइलच्या अर्थिंगवर ठेवून स्टार्टर फिरत असतानाच वाचन घ्यावे. ते शून्याच्या आसपास असावयास हवे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग सहज करून दाखविता येण्याजोगा आहे.

शोधाचा क्रम

आरएक्स-८ मध्ये चार प्लगांसाठी चार स्वतंत्र कॉइल आहेत. चारही ठिणग्या नसतील तर प्रत्येक कॉइल तपासत बसणे व्यर्थ. दोष सर्वांना सामाईक असलेल्या मार्गात असणार. फ्यूज, रिले, मुख्य पुरवठा, अर्थिंग आणि उत्केंद्री दंडाची स्थिती सांगणारा संवेदक हीच त्याची ठिकाणे होत. या संवेदकाचा संकेत न मिळाल्यास ठिणगी केव्हा द्यावी हे नियंत्रकाला कळतच नाही. एकच ठिणगी नसेल तर शेजारची कॉइल तेथे लावून पाहावी : दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, जागेवरच राहिला तर तार.

ब्रह्मपुरी परिसरात रोटरी मोटार सहसा दिसणार नाही, पण कॉइल, अर्थिंग व प्लग ही साखळी येथील प्रत्येक पेट्रोल दुचाकीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा तारांवरील आवरण कडक होऊन तडकते, आणि पावसाळ्यात त्याच तडांतून ओलावा शिरतो. उच्च दाबाची तार अशी तडकलेली असल्यास अंधारात तिच्यालगत निळसर ठिणग्या दिसतात. त्या पाहताना तारेला हात लावू नये. धानाच्या कोठाराजवळ दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली तार हा आणखी एक संभव असून, तो मीटर हाती घेण्यापूर्वी नुसत्या डोळ्यांनी तपासता येतो.