पुरंदरे, माधुरी
पुरंदरे, माधुरी : (२९ एप्रिल १९५२– ). मराठी बालसाहित्यलेखिका, चित्रकार, अनुवादक व गायिका. शिवचरित्रकार बाबासाहेब पुरंदरे आणि ग्रामीण बालवाड्यांसाठी कार्य करणाऱ्या ‘वनस्थळी’ या संस्थेच्या संस्थापिका निर्मला पुरंदरे यांच्या त्या कन्या. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले व पुढे फ्रान्समध्येही कलाध्ययन केले. पुण्यास त्यांनी फ्रेंच भाषेचे अध्यापन केले. रंगभूमीशीही त्यांचा निकटचा संबंध आला. पिकासो हे चरित्र व हॅनाची सुटकेस हा अनुवाद हे त्यांचे प्रौढ व कुमार वाचकांसाठीचे उल्लेखनीय लेखन होय. तथापि त्यांचे खरे कर्तृत्व चित्रपुस्तकांच्या क्षेत्रात आहे.

मराठी बालवाङ्‌मयात चित्राचे स्थान दीर्घकाळ दुय्यम राहिले. आनंद (१९०६) आणि किशोर (१९७१) यांसारख्या मासिकांनी चांगल्या चित्रकारांना वाव दिला. परंतु लेखकाने मजकूर लिहावा आणि चित्रकाराने तो नंतर सजवावा, हीच सर्वसाधारण रीत होती. त्यामुळे मजकुरात जे सांगितले तेच चित्रात पुन्हा येई. पुरंदरे यांच्या पुस्तकांत लेखणी व कुंचला एकाच हाती असल्याने ही द्विरुक्ती टळली. जे चित्रात दिसते ते शब्दांत सांगावयाचे नाही, हा संयम त्यांच्या लेखनात जाणवतो. राधाचं घर या पुस्तकमालेत आई, बाबा, आजी, आजोबा, काका ही माणसे बालकाच्या नजरेतून येतात. घरातली माणसे व वस्तू ओळखीच्या असल्याने वाचता न येणारे मूलही पानावर रेंगाळते. रेषा सहज व बोलकी आहे. मुलांना गोंडस बाहुल्यांचे रूप देण्याचा मोह त्यांनी टाळला आहे, आणि हे विशेष महत्त्वाचे. यशच्या गोष्टी, बाबांच्या मिशा, हात मोडला, कंटाळा ही नावेच विषयांचा साधेपणा सांगतात. राजा-राणी, परी व बोधकथा यांच्या आधाराने चालत आलेल्या बालसाहित्यात मुलाचा कंटाळा हाही कथाविषय होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले. चित्रवाचन या पुस्तकात तर चित्र पाहून मुलानेच बोलावे, अशी योजना आहे.

हे जग बव्हंशी नागर मध्यमवर्गाचे आहे. जालना जिल्ह्यातील घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या मुलाला राधाच्या घरात आपले घर थोडेच सापडेल. मामाच्या गावाला हे पुस्तक गावाकडे वळते, पण तेही पाहुण्या मुलाच्या दृष्टीने. ग्रामीण बालकाच्या नित्य अनुभवाचे असेच समर्थ चित्रपुस्तक ही मराठीची उणीव आहे; मात्र तिचा दोष एका लेखिकेवर येत नाही.

वाचू आनंदे या बाल व कुमार गटांसाठीच्या संकलनात त्यांनी निवडक मराठी उताऱ्यांना भारतीय चित्र-शिल्पपरंपरेतील कलाकृतींची जोड दिली. अशा कलाकृती सामान्य घरातील मुलांच्या हाती क्वचितच येत. लिहावे नेटके हे त्यांचे भाषाभ्यासाचे पुस्तक शिक्षकांनाही उपयुक्त ठरले आहे. त्यांची बहुतेक बालपुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने प्रसिद्ध केली असून काहींचे अन्य भाषांत अनुवाद झाले आहेत. बालसाहित्यातील एकूण योगदानाबद्दल त्यांना साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार (२०१४) आणि टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार (२०१६) मिळाला.