ब्लू टॅक, भिंत आणि डाग

भाड्याच्या घरात खिळा ठोकायची सोय नसते, म्हणून पोस्टर, वेळापत्रक, दिव्यांची माळ यांसाठी ब्लू टॅक हा चिकट, मऊ गोळा आणला जातो. आणि काढताना रंगाचा पापुद्रा निघाला की दोष त्यालाच मिळतो. माझ्या मते दोष बहुतेकदा भिंतीच्या रंगाचा आणि ओढण्याच्या घाईचा असतो. हा गोळा फेविकॉलसारखा वाळून घट्ट होत नाही. कृत्रिम रबर, खडूसारखी भुकटी आणि तेल यांचं हे मिश्रण मऊच राहतं, दाबलं की पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतं. चिकटतं ते असं; आणि वाळत नसल्यामुळे काच, टाइल्स, ऑइलपेंट यांवरून ते सहज सुटतं. चुना किंवा साधा डिस्टेंपर मात्र नुसता हात फिरवला तरी बोटाला लागतो. तिथे गोळ्याआधी रंगच भिंत सोडतो.

कुणी म्हणेल, रंग शाबूत राहिला तरी तेलकट डाग पडतोच. खरं आहे. गोळ्यातलं तेल कागदात आणि सच्छिद्र रंगात हळूहळू मुरतं, म्हणून वॉलपेपरला, जुन्या फोटोंना तो लावूच नये. पण 'त्यापेक्षा टेप बरी' हे मला पटत नाही. जुन्या टेपचा गोंद वाळून पिवळा पडतो आणि बऱ्याचदा खरवडून काढावा लागतो. ब्लू टॅक काढताना कागद सरळ खेचू नका. गोळा कडेने बोटाखाली गुंडाळत सोडवा, उरलेले कण त्याच गोळ्याने टिपून घ्या, नख लावू नका. उकाड्याने फार मऊ झाला असेल तर पिशवीतला बर्फ थोडा वेळ टेकवा, गोळा कडक होतो.