विश्लेषण : ‘दुप्पट धोका’ म्हणजे नेमका किती? इंग्रजी मजकुरातील तुलना कशी वाचावी?

मोबाइलवर इंग्रजी बातमी किंवा जाहिरात वाचताना ‘ट्वाइस’, ‘थ्री टाइम्स मोअर’, ‘फिफ्टी पर्सेंट लेस’ असे शब्द सतत समोर येतात. ही तुलना कशाशी आहे, हे न पाहिल्यास अर्थाचा अनर्थ होतो. ब्रिटनमध्ये तो एकदा झालाही.

ब्रिटनमध्ये काय घडले?
ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना इशारा दिला. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असल्याचे त्यात म्हटले होते. आकडा चुकीचा नव्हता. पण ही वाढ सात हजार महिलांमागे एकीवरून दोघींवर, एवढीच होती. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या. पुढील वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात वाढल्याचा अंदाज आहे. प्रत्यक्षात गुठळ्यांचा धोका या गोळ्यांपेक्षा गर्भारपणात अधिक असतो.

‘थ्री टाइम्स मोअर’ म्हणजे ३० की ४०?
गेल्या वर्षी १० अर्ज आले आणि यंदा ‘थ्री टाइम्स मोअर’ आले, तर ते किती? बहुतेक जण ३० म्हणतील. शब्दशः अर्थ घेणारे मूळ १० मध्ये आणखी ३० मिळवून ४० म्हणतील. म्हणून काटेकोर लेखनात ‘थ्री टाइम्स अ‍ॅज मेनी अ‍ॅज’ लिहितात. त्याचा अर्थ एकच : ३०. ‘फोर टाइम्स लेस’ हेही असेच गोंधळाचे. त्याऐवजी ‘वन-फोर्थ’, म्हणजे एक चतुर्थांश, लिहिणे स्पष्ट. मराठीतही ‘तिप्पट झाले’ आणि ‘तिपटीने वाढले’ यांत हाच घोळ होतो.

टक्के आणि टक्के बिंदूंत फरक काय?
फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. ही कपात पाव ‘पर्सेंटेज पॉइंट’ची, म्हणजेच २५ ‘बेसिस पॉइंट’ची. तिला नुसते ‘०.२५ पर्सेंट’ म्हटले, तर काटेकोर अर्थाने ६.५० चा पाव टक्का कमी होऊन दर सुमारे ६.४८ उरेल. मूळ दराच्या तुलनेत पाहिले, तर ही कपात जवळपास ३.८५ टक्क्यांची आहे. कर्जदाराने म्हणूनच जुना आणि नवा दर पाहावा.

‘दॅन’ गायब असेल तर?
‘ट्वेंटी-फाइव्ह पर्सेंट मोअर’ असे पाकिटावर छापलेले असते, पण कशापेक्षा? कंपनीच्या जुन्या पाकिटापेक्षा की इतरांच्या मालापेक्षा? ‘दॅन’ आणि त्यापुढचे शब्द नसतील, तर तो दावा तपासताच येत नाही. ‘अप टू फिफ्टी पर्सेंट ऑफ’ यातील ‘अप टू’ म्हणजे ‘जास्तीत जास्त’. बहुतांश वस्तूंवर १० टक्केच सूट असली, तरी ही ओळ खोटी ठरत नाही.

वाचकाने काय पाहावे?
तुलना कशाशी आहे? मूळ आकडा किती होता? आताचा किती आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मजकुरात नसतील, तर संदेश पुढे पाठवण्यापूर्वी किंवा सुरू असलेले औषध बंद करण्यापूर्वी थांबावे. औषधाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.